रद्दीच्या यादीत नारूची वही

प्रति,
जुना अभिलेख निकालात काढण्याच्या समितीचे अध्यक्ष आणि सदस्य
(कार्यालयाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आपण ओळखालच.)
इंदूर

विषय: मलेरिया व नारू (पायातून निघणाऱ्या जंताचा रोग) कार्यक्रमाच्या जुन्या नोंदवह्या भंगारात विकण्याचा निर्णय थांबवण्याबाबत

महोदय,

गेल्या महिन्यात पेन्शनच्या कामासाठी आपल्या कार्यालयात आले होते. बाबू जेवायला गेलेले, म्हणून जिन्याजवळच्या फलकापाशी उभी राहिले. तिथे लिलावाची सूचना लागली होती. मोडक्या खुर्च्या, छताचे पंखे, गंजलेले फवारणी पंप, दोन सायकली, आणि सायकलींच्या खालच्या ओळीत 'पुराने रजिस्टर, तौल से'.

जिन्याखालच्या खोलीचं दार उघडंच होतं. गठ्ठे ओळखीचे निघाले. लाल फडकं, सुतळी, पुठ्ठ्याच्या चिठ्ठीवर गावगटाचं नाव. निदान तीन गठ्ठ्यांवर माझ्या बाबांचं अक्षर आहे. सगळी नोंद हिंदीत, पण 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे. हेडमास्तरांनी छडीने बसवलेलं ते वळण चौतीस वर्षांच्या सरकारी नोकरीतही सुटलं नाही. १९५८ साली ते झाबुआकडे मलेरिया इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले आणि १९९२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्या भागातल्या वह्या फेरतपासणीसाठी इंदूरला मागवल्या गेल्या आणि परत गेल्याच नाहीत. सरकारी वही एकदा मागवली की परत कशाला जाते! त्या आळसामुळेच त्या आजवर टिकल्या, हेही खरं. मी स्वतः पुढे याच कामात लॅब टेक्निशियन झाले, तेव्हा हे पत्र फक्त मुलीचं नाही, तुमच्याच खात्यातल्या एका जुन्या नोकराचं आहे.

त्याच आठवड्यात मी हिंदीत अर्ज दिला. आवकचा शिक्का मिळाला आणि चक्क उत्तरही आलं, एका ओळीचं: अभिलेखांची मुदत संपली आहे. म्हणून हे दुसरं पत्र उघडपणे, आणि मराठीत. कारण रामबाग, लोधीपुरा, इमली बाजार भागातल्या पुष्कळ मराठी घरांत एखादा 'डीडीटीवाला काका' होऊन गेलाय. आज त्यांच्या नातवंडांना आजोबा नेमकं काय करत होते हे सांगता येत नाही. त्यांनीही हे वाचावं.

आधी थोडं मागचं सांगते. समितीत तरुण मंडळी आहेत, असं कळलं.

दिल्लीत शामनाथ मार्गावर आज जे राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र आहे, त्याचा जन्म १९०९ सालचा, कसौलीच्या डोंगरावरचा. तेव्हा नाव होतं सेंट्रल मलेरिया ब्यूरो. १९२७ मध्ये ते मलेरिया सर्व्हे ऑफ इंडिया झालं, १९३८ मध्ये दिल्लीला आलं आणि मलेरिया इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया म्हणवू लागलं. ३० जुलै १९६३ ला राष्ट्रीय संसर्गजन्य रोग संस्था, आणि ३० जुलै २००९ ला आजचं नाव. म्हणजे एकाच संस्थेचं बारसं पाच वेळा झालं. संस्थेचा इतिहास कुठेही वाचा, बहुधा या पाच तारखाच मिळतात. मलेरिया आटोक्यात आल्यासारखा दिसला, तेव्हा हाताशी असलेली शिकलेली माणसं आणि प्रयोगशाळा इतर साथींसाठी वापरावी, म्हणून १९६३ चा बदल झाला, एवढं कारण सांगतात. ते बरोबरच आहे. पण मलेरिया आटोक्यात आला म्हणजे काय झालं, ते त्या तारखांत नाही. ते तुमच्या जिन्याखाली आहे.

स्वातंत्र्याच्या वेळी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि आठ लाख माणसं मरायची, असा अंदाज होता. लोकसंख्या तेहतीस-चौतीस कोटींची. म्हणजे दर चार-पाच माणसांत एक अंगात कापरं भरून पडलेला. १९५३ ला नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९५८ ला त्याचं निर्मूलनात रूपांतर झालं. मग दर दहा हजार वस्तीमागे एक सर्व्हेलन्स वर्कर, चार वर्करांवर एक इन्स्पेक्टर. वर्करने पंधरा दिवसांत प्रत्येक घरी जायचं, ताप आलाय का विचारायचं, आला असेल तर बोट टोचून काचेवर रक्ताची स्लाइड घ्यायची, क्लोरोक्विनची गोळी गिळायला लावायची आणि भिंतीवरच्या छापील चौकटीत तारीख टाकायची. बाबा मागून जाऊन ती चौकट तपासायचे. घरमालकिणीला विचारायचे, 'आला होता का?' आणि ती 'हो' म्हणाली तरी विचारायचे, 'कोणत्या बाजारच्या दिवशी?' कारण हो तर सगळेच म्हणतात.

त्या स्लाइडी शहरात आल्या की जेएसबी नावाच्या रंगाने रंगवायच्या. मी शिकले तेव्हा हा जेएसबी म्हणजे एखादी कंपनी असावी असं वाटायचं. नंतर कळलं की याच मलेरिया इन्स्टिट्यूटमधल्या जसवंत सिंग आणि भट्टाचार्जी यांच्या नावाची ती अक्षरं. परदेशी रंग महाग होते, युद्धामुळे मिळेनासे झाले होते, म्हणून इथे मिळणाऱ्या जिनसांतून त्यांनी तो बसवला. बोटं निळी होतात, लग्नाला जायचं असलं तरी निघत नाहीत. संस्थेनं देशाला काय दिलं असं कुणी विचारलं, तर मी आधी ती निळी बोटं दाखवीन.

आता तक्रारी.

पहिली. समितीने गठ्ठे सोडून पाहिलेच नाहीत. सुतळीच्या गाठीवर धुळीचा थर अखंड होता. न वाचलेल्या कागदाला 'अनुपयोगी' म्हणणं म्हणजे रक्त न घेता स्लाइड निगेटिव्ह लिहिण्यासारखं आहे. आमच्या कामात त्याला निलंबन होतं.

दुसरी तक्रार मोठी आहे. मी हळहळले तेव्हा एका बाबूंनी सहज, काही वाईट मनात न ठेवता, सांगितलं: 'दीदी, इनमें कुछ है ही नहीं. पन्ने के पन्ने निरंक हैं.'

बरोबर आहे. नारूच्या वह्यांत शेवटची काही वर्षं पान न् पान 'निरंक', म्हणजे एकही रुग्ण नाही, असं आहे. महोदय, तेच तर कमावलेलं होतं.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. बावडीच्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीच्या, पायऱ्या उतरून माणूस पाण्यात पाय बुडवतो. त्याच्या पायाला फोड आलेला असतो, आत हातभर लांबीची जंताची मादी. पाणी लागलं की फोड फुटतो आणि ती हजारो पिल्लं पाण्यात सोडते. ती पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या बारीक किड्याच्या पोटात जातात. तेच पाणी दुसरा पितो. वर्षभर त्याला काही कळत नाही, आणि पुढच्या उन्हाळ्यात, ऐन पेरणीच्या तोंडावर, त्याच्या पायातून दोरा बाहेर येऊ लागतो. तो काडीवर गुंडाळून रोज थोडाथोडा ओढायचा. घाई केली, तुटला, तर पाय सुजून माणूस महिनोन् महिने खाटेवर. यावर औषध नाही, लस नाही. बाबा म्हणायचे, नारूचा इलाज पायात नाही, पायरीत आहे.

१९८३-८४ ला राष्ट्रीय नारू निर्मूलन कार्यक्रम सुरू झाला, आणि त्याची आखणी, समन्वय, तपासणी याच दिल्लीच्या संस्थेकडे होती. देशात सात राज्यं नारूची, मध्य प्रदेश त्यांतलं एक, आणि आपल्या बाजूचे झाबुआ-धार जिल्हे त्यात. १९८४ मध्ये देशभरात सुमारे ४०,००० रुग्ण मोजले गेले. शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये जोधपूर जिल्ह्यात सापडला. पण तेवढ्याने देश मुक्त ठरत नाही. त्यानंतर तीन वर्षं शोधत राहावं लागतं, आणि शोधूनही काही सापडलं नाही याचा कागद दाखवावा लागतो. तेव्हा कुठे फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारताला प्रमाणपत्र दिलं. ते प्रमाणपत्र ज्या पुराव्यावर उभं आहे त्यालाच आपले बाबू 'कुछ है ही नहीं' म्हणत होते.

बाबांच्या भाषेत निरंक दोन प्रकारचं असायचं: पाहून निरंक आणि न पाहता निरंक. कागदावर दोन्ही सारखंच दिसतं, वहीत मात्र कळतं. पाहून लिहिलेल्या निरंकाशेजारी किती घरं पाहिली, कुणाला विचारलं, कोणत्या शाळेत मुलांना नारूचं चित्र दाखवलं, हे असतं. शाई बदललेली असते, पानावर पावसाचा डाग असतो. न पाहता लिहिलेल्या पानावर बारा महिन्यांचं निरंक एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरलेलं असतं. बाबांनी अशी दोन पानं पकडली होती, त्यांवर तांबड्या पेन्सिलीची तिरकी रेघ आहे. ती रेघसुद्धा तुमच्या गठ्ठ्यात आहे. स्कॅन केलेल्या गोषवाऱ्यात ती येणार नाही, गोषवाऱ्यात फक्त शून्य येईल. २००० साली प्रमाणपत्राची बातमी वर्तमानपत्रात आतल्या पानावर आली, तेव्हा निवृत्त होऊन आठ वर्षं झालेले बाबा आनंदी वगैरे झाले नाहीत. चष्मा काढून म्हणाले, 'प्रमाणपत्र देणाऱ्या कमिशनवाल्यांनी आपल्याकडची गावं पाहिली का?'

तिसरी तक्रार बावड्यांची. पाण्यातला तो किडा मारायला टेमीफॉस हे औषध टाकायचं तर बावडीत पाणी किती आहे ते आधी कळायला हवं. दर लिटरला एक मिलिग्रॅम हे प्रमाण. जास्त पडलं तर लोक ओरडतात, कमी पडलं तर किडा मरत नाही. म्हणून प्रत्येक बावडीची लांबी, रुंदी आणि गाठी मारलेल्या दोरीने मोजलेली खोली वहीत आहे, सोबत हाताने काढलेला नकाशा. पायऱ्या कुठल्या बाजूला, झरा कुठे, कोणत्या महिन्यात पाणी किती खाली गेलं. आज शहरोशहरी जुन्या बावड्या शोधायला सर्वेक्षणं निघतात, त्यांवर निविदा निघतात. आणि ज्या वह्यांत चाळीस वर्षांपूर्वीची पाण्याची पातळी महिन्यानुसार लिहिली आहे, त्या आपण किलोने विकतो.

त्यातला एक नकाशा मला पाठ आहे. एका फळियातल्या (वस्तीतल्या) बायका पायऱ्या बुजवू देत नव्हत्या. खालच्या पायरीशेजारी कोनाड्यात देवी होती, दिवा लावायला उतरावंच लागे. बाबांनी कोनाड्याच्या वरच्या पायऱ्या ठेवल्या, खालच्या बुजवल्या आणि मध्ये कठडा घातला. पाणी रहाटाने, देवी तिच्या जागी. नकाशात कोनाड्याच्या जागी छोटी पणती काढली आहे. सरकारी नोंदवहीत पणती काढल्याबद्दल वरिष्ठांनी खुलासा मागवला होता, तो खुलासाही त्याच पानाला टाचलेला आहे. महोदय, हा सार्वजनिक आरोग्याचा इतिहास नाही तर काय आहे?

चौथी तक्रार 'शेरा' या रकान्याबद्दल. १९६५ मध्ये देशात मलेरियाचे रुग्ण लाखाच्या आसपास आले होते. १९७६ मध्ये ते चौसष्ट लाख झाले. पुस्तकांत कारणं मिळतात: डास डीडीटीला दाद देईनात, माल वेळेवर येईना, पैसा आटला, आणि जिंकलो असं समजून सगळे सैल पडले. पण एका भागात हे कसकसं घडत गेलं, ते शेऱ्याच्या रकान्यात महिन्यामहिन्याला दिसतं. 'डीडीटी प्राप्त नहीं हुआ.' 'वर्कर का पद रिक्त.' 'छिड़काव के बाद घरवालों ने लीपा-पोती की.' हे शेवटचं मला फार आवडतं. फवारा मारून माणूस वळतो न वळतो तोच सणासाठी बायका भिंती शेणाने सारवून घेत आणि डास पुन्हा मोकळे. कुणाला दोष द्यायचा? बाबांनी दिला नाही. त्यांनी पुढच्या फेरीची तारीख सणानंतर मागितली, ती मंजूर झाली नाही, तेही शेऱ्यात आहे. पुढची साथ कशामुळे पसरेल हे आज ज्याला शोधायचंय, त्याने हा रकाना वाचायला हवा.

पाचवं, 'आता सगळं पोर्टलवर आहे' हे नेहमीचं उत्तर. १९९४ च्या सप्टेंबरात सुरतेत प्लेग म्हटल्यावर काय घबराट झाली, ते आमच्या पिढीला आठवतं. औषधाच्या दुकानांतून प्लेगवरचं टेट्रासायक्लिन नाहीसं झालं होतं. साथ पसरण्याआधी तिची खबर लागायला हवी, हा धडा त्यातून घेतला गेला. १९९७ ला राष्ट्रीय पाहणी कार्यक्रम आला, २००४ ला एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्प आला, आठवड्याचे फॉर्म आले, मग संगणक, मग पोर्टल. मी स्वतः ते फॉर्म भरलेत आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण पोर्टलला १९८४ आठवत नाही. आणि जिथे निरंक म्हणजे एक क्लिक आहे, तिथे पाहून की न पाहता हे सांगणारी शाईही नाही.

याच शहराचं एक उदाहरण देते. शंभरेक वर्षांपूर्वी पॅट्रिक गेडेस हे स्कॉटिश नगररचनाकार इंदूरला आले, तेव्हा प्लेग आणि हिवताप दोन्ही होते. त्यांनी दिवाळीची मिरवणूक काढून तिचा मार्ग स्वच्छ केलेल्या गल्ल्यांतून नेला आणि तिच्यात प्लेगच्या उंदराचं सोंगही फिरवलं. (आपल्या आजच्या स्वच्छतेच्या गाण्यांचे पणजोबा म्हणा ना.) त्यांचा दोन खंडांचा अहवाल होळकर संस्थानच्या छापखान्यात छापला गेला, जपला गेला, म्हणून आज त्यावर व्याख्यानं होतात. गेडेस मोठे होते, हे कबूल. पण इन्स्पेक्टरची वही टिकवायला छापखानाही लागत नाही. कोरडी खोली आणि डांबराच्या गोळ्या पुरतात.

सहावी बाब गोपनीयतेची, जी मला तोंडी सांगितली गेली. वह्यांत रुग्णांची नावं आहेत, म्हणून त्या कुणाला दाखवता येत नाहीत. मग त्या भंगारवाल्याला कशा चालतात?

कायद्याचंही पाहून ठेवलंय. १९९३ चा सार्वजनिक अभिलेख कायदा केंद्राच्या आणि केंद्रशासित प्रदेशांच्या कार्यालयांसाठी आहे, तो इथे जसाच्या तसा लावता येत नाही, हे मला मान्य. पण २००५ चा माहितीचा अधिकार तुम्हालाही लागू आहे आणि त्याच्या चौथ्या कलमात अभिलेखांची सूची व अनुक्रमणिका ठेवायची जबाबदारी कार्यालयावर टाकली आहे. 'पुराने रजिस्टर, तौल से' ही सूची होत नाही.

माझ्या मागण्या अशा:

लिलावाच्या यादीतून नोंदवह्यांची ओळ वगळावी. खुर्च्या, पंखे खुशाल विका. पंपांतला एक मात्र ठेवा.

याआधी काही गठ्ठे गेले असतील, तर कोणत्या वर्षांचे आणि कोणत्या भागांचे, ते लेखी कळवावं.

उरलेल्या वह्यांची गावगट आणि वर्ष यांनुसार यादी करावी. हे काम करायला मी आणि निवृत्त झालेले माझे तीन सहकारी विनामोबदला तयार आहोत. आम्हाला अक्षरं लागतात, आणि फॉर्मांचे जुने नंबरही अजून तोंडपाठ आहेत.

रुग्णांची नावं झाकून वह्यांची छायाचित्रं घ्यावीत, मूळ वह्या राज्याच्या अभिलेखागाराकडे रीतसर सोपवाव्यात, आणि एक संच दिल्लीच्या संस्थेला देऊ करावा. पाच नावांच्या मधल्या काळात काय चाललं होतं, हे त्यांच्याही उपयोगाचं आहे. त्यांना मी वेगळं पत्र लिहिते आहे.

आणि ज्या वर्करांची नावं त्या वह्यांत आहेत, त्यांचा एक तक्ता कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. साधा, टाइप केलेला चालेल. त्यात बहुतेक भिलाला आणि भिल मुलं होती. जंगलवाटेनं कोसकोस चालत, काखेत स्लाइडचा डबा घेऊन जायची. बाबा तपासायचे, पण चालायचे ते. प्रमाणपत्राच्या वेळी त्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

समितीवर माझा वैयक्तिक राग नाही. मुदत संपली की काढून टाका, असा नियम आहे आणि आपण तो पाळलात. मीही नोकरीत असे नियम पाळलेत. शेकडो निगेटिव्ह स्लाइडी धुऊन पुन्हा वापरायला दिल्यात, कारण काच मिळत नव्हती. पण आधी वहीत चढवूनच धुतल्या.

येत्या मंगळवारी अकरा वाजता आम्ही चौघं येऊ. सोबत मास्क, ब्रश, सुती फडकी आणि चार पत्र्याच्या पेट्या असतील. जिन्याखालच्या खोलीची किल्ली तेवढी कुणाकडे तरी ठेवून जावी, आणि या पत्राची पोच द्यावी.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन
रामबाग, इंदूर